तंजावरच्या राजाचा छापखाना

तंजावरला बृहदीश्वराच्या देवळात पाऊल टाकलं की नजर आपसूक शिखराकडे जाते. राजराज चोळाने 1010 मध्ये पुरं केलेलं हे देऊळ, त्याचं विमान साधारण 66 मीटर उंच. कितीतरी वेळ मी वर बघत उभा होतो. पण खरा धक्का बसला तो पुढे, आवाराच्या नैर्ऋत्य बाजूच्या भिंतीपाशी. दगडावर देवनागरी अक्षरं, आणि भाषा मराठी! आजूबाजूला तमिळ बोलणारी भाविकांची गर्दी, कापराचा वास, तापलेली फरशी, आणि त्यात भोसले कुळाचा सारा इतिहास मराठीत कोरलेला. इथल्या दुसऱ्या सरफोजी राजांनी 1803 मध्ये तो कोरून घेतला. एक ओळ वाचून पुढे जाणं जमेना. वाचतच राहिलो.

मी कुरुळीचा. पुणे-नाशिक रस्त्याने मोशी मागे टाकली की चाकणच्या अलीकडे आमचं गाव लागतं. पूर्वी शेतं होती, आता कारखान्यांच्या शेडी आहेत. टूलरूममध्ये डाय आणि पंच बनवण्यात माझा दिवस जातो. शेजारचा चाकणचा संग्रामदुर्ग लहानपणापासून पाहिलेला. मालोजीराजांना पुणे-सुपे परगण्यांबरोबर शिवनेरी आणि चाकण मिळालं, हे शाळेतच कानावर पडलं होतं. त्याच मालोजींचे नातू, शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी, इतक्या लांब कावेरीकाठी येतात, गादी स्थापतात आणि ते घराणं 1855 पर्यंत टिकतं. पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. इथे त्या दोन ओळींचं अख्खं शहर झालेलं आहे.

राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. ग्रंथसंग्रह नायक राजांच्या काळापासूनचा, पण त्याला आजचं रूप दिलं ते दुसऱ्या सरफोजी राजांनी. त्यांची कारकीर्द 1798 ते 1832. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या हाताखाली ते शिकले. इंग्रजांनी राज्याचा कारभार काढून घेतला, राजाकडे मान आणि तनखा उरला. अशा वेळी दुसरा कोणी शिकारीत आणि मेजवान्यांत आयुष्य घालवता. या राजाने ग्रंथ जमवले. संस्कृत आणि तमिळ पोथ्यांबरोबर मराठीची तीन हजारांहून जास्त हस्तलिखितं इथे आहेत. युरोपातून मागवलेल्या पुस्तकांवर त्यांनी स्वतः सह्या केल्या. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी रंगीत चित्रांसह ठेवून घेतल्या.

संग्रहालयाच्या दालनात मला सगळ्यात जास्त वेळ अडवून ठेवलं ते छापील चित्रांनी. शार्ल ल ब्राँ हा फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा मुख्य चित्रकार. माणसाच्या आणि जनावराच्या चेहऱ्यांत साम्य कुठे दिसतं, याचा त्याने चित्रांतून शोध घेतला. घुबडाच्या वाटोळ्या डोळ्यांचा माणूस, उंटासारख्या लोंबत्या ओठाचा माणूस. त्याची मूळ रेखाटनं फ्रान्सच्या राजाच्या संग्रहातून पुढे लूव्र संग्रहालयात गेली आणि त्यांवरून कोरलेल्या छापांचा ग्रंथ 1806 मध्ये पॅरिसला निघाला. ल ब्राँच्या या चित्रांचे छाप तंजावरच्या राजाने आपल्या संग्रहात आणून ठेवले.

काचेला नाक टेकवून पाहिलं. लांबून जी सावली वाटते ती जवळून नुसत्या रेघा असतात. एका दिशेने बारीक समांतर रेघा, त्यांवर तिरक्या दुसऱ्या. गालाच्या उंचवट्यावर त्या विरळ होतात, जबड्याखाली दाट. धातूवर उलटं कोरायचं म्हणजे काय, हे माझ्या हातांना ठाऊक आहे. कोरणी जरा घसरली की तास वाया जातात. इथे तर प्रत्येक केस कोरणीने ओढावा लागतो. मग खाचांत शाई भरायची, वरचा पत्रा पुसून लख्ख करायचा आणि ओलसर कागद दाबून खाचांतली शाई उचलायची.

थॉमस आणि विल्यम डॅनियल या चुलत्या-पुतण्यांची हिंदुस्थानातली दृश्यंही इथल्या संग्रहात आहेत. हे दोघे 1792 मध्ये तंजावरला आले होते. मी सकाळी पाहिलेलं देऊळ आणि तिथला प्रचंड नंदी त्यांच्या छापांतून इंग्लंडभर पोहोचला. त्यांची रीत निराळी. तांब्याच्या पत्र्यावर राळेची भुकटी चिकटवायची आणि पत्रा आम्लात सोडायचा. दाण्यांमधल्या जागा आम्ल खातं आणि छापात आभाळाचा, पाण्याचा सलग करडा रंग उतरतो.

संग्रह पुष्कळ राजांनी केले. सरफोजी राजे तिथे थांबले नाहीत, याचं मला खरं आश्चर्य वाटलं. 1805 मध्ये त्यांनी वाड्यात देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला, नाव नवविद्याकलानिधी. इसापच्या गोष्टी मराठीत आणवून 1806 मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापल्या. एक खिळा करायचा तर आधी पोलादाच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, ते तांब्यात ठोकून साचा घ्यायचा आणि त्यात शिशाची मिश्रधातू ओतायची. मात्रा, रफार, जोडाक्षरं धरून असे शेकडो खिळे लागतात. दोनशे वर्षांपूर्वी, कावेरीच्या काठी, मराठी मुलांच्या गोष्टींसाठी एका राजाने हा खटाटोप केला.

त्याच सुमारास महाराष्ट्रात काय चाललं होतं? पुण्यात इंग्रजांचा वकील मॅलेट याच्याकडे ताम्रपट कोरायला शिकलेला एक तांबट होता. नाना फडणवीसांनी त्याच्याकडून गीता छापून घ्यायचं मनात आणलं, पण 1800 मध्ये नाना गेले. शेवटी ती गीता 1805 मध्ये मिरजेला, पटवर्धनांच्या आश्रयाने, तांब्याच्या पत्र्यांवरून छापली गेली. म्हणजे कसब आपल्याकडेही होतं, तांबट आळीच्या हातांत होतं. मिरजेत त्याची एक पोथी निघाली. तंजावरला त्याच काळात चालता छापखाना उभा राहिला, कारण तिथे संग्रह, शाळा आणि छपाई या तिन्हींची काळजी एकाच माणसाला होती.

आज आमच्या पट्ट्यात धातूवर केसभर अचूक कोरणारे हात घराघरांत आहेत. पुण्यात केळकर संग्रहालय आहे, औंधला राजाने उभारलेलं भवानी संग्रहालय आहे, कुरुळीपासून हाकेच्या अंतरावर संग्रामदुर्ग आहे. या वस्तू काचेआड पाहून आपण घरी परततो. प्रत्येक संग्रहालयाच्या एका खोलीत हाताने चालणारं छापयंत्र असावं. आयटीआयच्या मुलांनी तिथल्या ढालीवरचं, अडकित्त्यावरचं नक्षीकाम तांब्यावर कोरावं आणि येणाऱ्या शाळकरी मुलांनी त्याचा छाप स्वतः काढून घरी न्यावा. याला राजाची तिजोरी लागत नाही. एक यंत्र, थोडा तांब्याचा पत्रा आणि शिकवणारा माणूस पुरेसा आहे. तंजावरला जाणाऱ्यांनी देऊळ तर पाहावंच, पण सरस्वती महालासाठी सबंध दिवस राखून ठेवावा. आणि आपल्या गावच्या टूलरूममधल्या कारागिरांना सोबत घेऊन जावं.