हवा कुठून शिरते

शिळफाट्याकडून आलेली इनोव्हा गॅरेजच्या तोंडाशी वळली की तिचा पॉवर स्टीअरिंगचा पंप ओरडतोय का, हे मला हातातलं काम न सोडता कळायचं. गेल्या पावसाळ्यापासून कान मंदावले. आता हाताखालचा पोरगा माझ्याआधी मान वर करतो. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? या कानाचा मला फार गर्व होता. गिऱ्हाईक चारचौघांत त्याचं कौतुक करायचं, तेव्हा मी मुद्दाम जवळपास रेंगाळायचो.

गळणारं ऑइल कुणालाही सापडतं. मला छळलं ते न गळणाऱ्या गाड्यांनी. ऑइलचा डबा भरलेला, खाली फरशी कोरडी, स्टीअरिंग रॅकचे रबरी बूट सुके, बेल्ट नीट ताणलेला, आणि तरी वळताना पंप कण्हतो. डब्यातून पंपाकडे जाणारा पाइप ओढीवर चालतो. तिथली रबरी ओरिंग इंजिनाच्या उष्णतेने कडक झाली की ऑइल बाहेर येत नाही, हवा मात्र आत जाते. झाकण काढावं तर लाल ऑइलची सोलकढी झालेली. इंजिन बंद केलं की डब्यातली पातळी वर चढते, कारण दबलेली हवा फुगते. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये या चढण्याची मर्यादा 5 मिलिमीटर दिली आहे. त्या 5 मिलिमीटरपायी मी जेवणं चुकवली आहेत. जोडावर ऑइलचं बोट फिरवायचं. आवाज क्षणभर बदलला की जागा सापडली. पण पाइपच्या खालच्या अंगाला बोट पोचत नाही, आणि चोर बहुधा तिथेच असतो. कधी नवी ओरिंग टाकूनही कण्हणं राहतं. मग डब्याच्या तळाची जाळी बघायची. ती गाळाने बुजली की पंप उपाशी राहतो आणि अगदी तसाच ओरडतो.

एवढं बघायला वेळ कुणाला आहे? सरळ पंप बदलतात, नाही भागलं तर रॅक. कुणी गळती थांबवायचं औषध ओतून रबर फुगवतात. जुन्या होंडा सिटीत होंडाचं ऑइल सोडून एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, ओततो, त्याला मी कारागीर मानत नाही. गाडीवालेही कमी नाहीत. डोंबिवलीत फडके रोडच्या आसपासच्या गल्ल्यांत उभ्या गाडीचं स्टीअरिंग पिळून फुल लॉकला धरून ठेवतात. दाब तिथेच चढतो, ऑइल तिथेच जळतं.

2005 मध्ये क्वालिस जाऊन इनोव्हा आली, तिच्यावर माझं घर चाललं. नव्या इनोव्हा हायक्रॉसला आता डबाच नाही, स्टीअरिंग मोटरवर. पोरगा स्कॅनर छान चालवतो. पुढची चाकं जॅकवर घेऊन, इंजिन बंद ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकाला सावकाश फिरवायचं, हेही त्याला जमायला लागलंय. जोडावर बोट फिरवायचं काम मात्र मी अजून त्याला दिलेलं नाही. मागितलं त्याने, दोनदा. द्यावंसं वाटत नाही.