वाऱ्याने घडवलेल्या वास्तू

बर्लिनच्या आलेक्झांडरप्लात्झवरून एस-बान पकडली आणि आडलर्सहोफला उतरलो. स्टेशनपासून थोडं चालल्यावर हुम्बोल्ट विद्यापीठाच्या आवारात, हिरवळीवर, काँक्रीटचं एक अवाढव्य अंडं उभं दिसलं. हाच ट्रूडेलटुर्म. याच्यासाठीच मी आलो होतो.

इथल्या योहानिस्टाल विमानतळावर १९०९ पासून विमानं उडत. १९१२ साली स्थापन झालेल्या जर्मन विमानसंशोधन संस्थेने त्याच्याच कडेला प्रयोगशाळा उभारल्या. विमान गिरक्या घेत कोसळू लागलं, तर वैमानिकाने ते सावरायचं कसं? या प्रश्नापायी १९३४ ते १९३६ या काळात हा २० मीटर उंच मनोरा बांधला गेला. आत खालून वर हवेचा झोत सोडायचा, त्यात विमानाची छोटी प्रतिकृती तरंगत ठेवायची आणि तिच्या गिरक्या न्याहाळायच्या.

जवळच १९३२ ते १९३४ दरम्यान बांधलेला मोठा वातबोगदा आहे. काँक्रीटची ही जाडजूड नळी इमारतीच्या पोटातून बाहेर येते आणि वळसा घालून पुन्हा आत शिरते. हवा न अडखळता फिरली पाहिजे, एवढ्याच गरजेतून हे वळण जन्मलं. पलीकडे इंजिनांच्या चाचणीगृहाचे मनोरे आहेत. इंजिनांचा आवाज दाबण्याची सोय तिथे केली होती. मी काँक्रीटवर हात ठेवून उभा राहिलो. हे देखणेपण निर्विवाद आहे. पण याच वर्षांत हिटलरचं हवाईदल उभं राहत होतं, हेही विसरता येत नाही.

युद्धानंतर सोव्हिएत सैन्याने यंत्रसामग्री उचलून नेली. पुढे पूर्व जर्मनीची विज्ञान अकादमी इथे होती. एकीकरणानंतर नवं विज्ञाननगर वसवताना या रिकाम्या वास्तू पाडल्या नाहीत. त्यांना संरक्षण देऊन भोवती वायुगतिकी उद्यान आखलं. मनोऱ्याच्या सावलीत मुलं वह्या उघडून बसली होती. जुन्या वास्तूचं रूपांतर म्हणजे तिला दुकान किंवा हॉटेल बनवणंच नव्हे. तिचा आकार राखून भोवतीचं जगणं बदलणं, हेही रूपांतरच. मला तर तेच अधिक प्रामाणिक वाटतं.

संध्याकाळी विमानतळाकडे गेलो. तो १९९५ साली बंद झाला. आता त्या माळरानावर मेंढ्या चरतात.