दुखण्याचं नाव कोण लिहितं

२६ एप्रिल २०२४, चंद्रपूर
१९ तारखेला मतदान झालं, नखाच्या मुळाशी शाई अजून काळीशार आहे. दुपारी लालपेठचे एक काका फाइल घेऊन आले. उभी हयात भूमिगत खदानीत गेली. आता एक जिना चढला की धाप लागते. फाइलमध्ये टीबीच्या औषधांचे दोन कोर्स आणि थुंकीचे सगळे रिपोर्ट निगेटिव्ह. केसपेपरवर ‘बिडी : होय’ याखाली दोन रेघा ओढलेल्या. ‘व्यवसाय’पुढची जागा कोरी.
“बिडी पेत होतो नं जी, त्यानंच झालं असन,” काका म्हणाले. “खदानीचा कागद कायले मागता?”
जुना छातीचा एक्स-रे विचारला. निवृत्त होताना कुणी दिला नाही, यांनी मागितला नाही.

२८ एप्रिल, रविवार
कामावर जीव गेलेल्या कामगारांचा आज जागतिक स्मरणदिन. १ मेच्या सभेत बोलायचं आहे, म्हणून रेडियमवाल्या मुलींवर टिपण काढतोय. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी, घड्याळांच्या तबकड्यांवर अंधारात चमकणारे आकडे रंगवायचा कारखाना होता. रंगात झिंक सल्फाइड आणि कणभर रेडियम. ब्रशचं टोक बारीक राहावं म्हणून तो मधूनमधून ओठांत धरायचा, असं कामावरच शिकवलेलं. हौसेखातर मुली तोच रंग नखांना लावत. पोटात गेलेलं रेडियम शरीर कॅल्शियम समजून हाडांत साठवतं, आणि ते निम्मं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात.
त्याच कंपनीतले रसायनतज्ज्ञ मात्र शिशाच्या आडोशामागून, चिमट्यानं रेडियम हाताळत. धोका ठाऊक होता. ती माहिती रंगवणाऱ्या मुलींपर्यंत कुणी पोचू दिली नाही.

२९ एप्रिल
अमेलिया मॅगिया, ऑरेंजच्या त्या रंगवणाऱ्या मुलींपैकी एक. आधी एक दात दुखायला लागला, मग एकेक करून सगळे गेले, शेवटी जबड्याचं हाड डेंटिस्टच्या हातात आलं. सप्टेंबर १९२२ मध्ये ती वारली. दाखल्यावर कारण लिहिलं गेलं : सिफिलिस. १९२७ मध्ये प्रेत उकरून तपासलं, तेव्हा हाडं किरणोत्सर्गी निघाली. सिफिलिसचा मागमूसही नव्हता. पाच वर्षं तिच्या बहिणींनी ती बदनामी सोसली.
हार्वर्डच्या ड्रिंकर दांपत्यानं कारखाना तपासून १९२४ मध्येच कंपनीला धोका कळवला होता. कंपनीनं सरकारला त्याच अहवालाचं असं रूप दाखवलं की जणू सगळ्या मुली ठणठणीत आहेत. इलिनॉयमधल्या ओटावाच्या रेडियम डायल कंपनीनं तर मुलींच्या तपासण्या करवल्या आणि निकाल त्यांच्यापासून दडवून ठेवले.
काकांच्या केसपेपरवरच्या त्या दोन रेघा डोक्यातून जात नाहीत. तिकडे बाईची चाल, इकडे बाप्याची बिडी. दुखणं कामाचं नाही, वागण्याचं आहे असं एकदा कागदावर चढलं की पैसे कोणी द्यायचे हा प्रश्नच मिटतो. बिडीनं फुप्फुस बिघडतं हे खरंच आहे; पण म्हणून खदानीची धूळ निर्दोष ठरत नाही.

१ मे
सभा झाल्यावर ऊर्जानगरच्या एका पोरानं गाठलं. वीज केंद्राच्या राखडीत रेडियम असतं का, म्हणाला. असतं, अगदी अंशमात्र. कोळशाबरोबर जमिनीतलं युरेनियम, थोरियम येतं आणि जळल्यावर राखेत उरतं. ऑरेंजच्या रंगाशी त्याची बरोबरी नाही. इथे माणसाला आडवं करते ती बारीक धूळ.
आपल्या कायद्यानं मात्र दोघांना एका पंगतीत बसवलंय. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत धुळीनं होणारा सिलिकोसिसही आहे आणि रेडियममुळे होणारे विकारही. असा रोगी आढळला की व्यवस्थापकानं कळवायचं, उपचार करणाऱ्या डॉक्टरनंही कळवायचं. खदानींसाठी हीच तजवीज १९५२ च्या खाण कायद्याच्या कलम २५ मध्ये आहे.
खरी अडचण दाव्याच्या मुदतीची. ऑरेंजच्याच ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार मैत्रिणींच्या दाव्यात कंपनीनं हेच हत्यार काढलं : दोन वर्षांची मुदत टळली. रोग हाडांत मुरायलाच त्याहून जास्त वर्षं लागतात, त्याचं काय? जून १९२८ मध्ये तडजोड झाली. प्रत्येकीला १०,००० डॉलर, वर्षाला ६०० डॉलर आणि औषधपाणी. आपल्या १९२३ च्या भरपाई कायद्यातही दावा दोन वर्षांतच करायचा. उशिराचं सबळ कारण दाखवलं तर आयुक्त तो दाखल करून घेऊ शकतात. सबळ कारण दाखवायला कागद लागतो.

४ मे, आष्टी
चामोर्शी तालुक्यातली ही बाजारपेठ. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक इथून जातात. चहाच्या टपरीवर टेबल पुसलं की फडकं तांबडं होतं. तेंदूचा हंगाम तोंडावर आहे, पण ओळखीचा एक पोरगा यंदा पानं तोडायला जाणार नाही, खनिजाच्या कामावर लागलाय. भरती होताना छातीचा फोटो काढला का, विचारलं.
“काढला नं. पन कागद नाई भेटला.”
माग म्हटलं. आज फुप्फुस साफ आहे याचा पुरावा त्याच्याजवळ असेल, तर वीस वर्षांनी कुणी बिडी-खर्ऱ्यावर ढकलू शकणार नाही.

५ मे, चंद्रपूर
काकांचा अर्ज लिहून झाला. कोणत्या खदानीत, कोणत्या कामावर, किती वर्षं, हे सगळं तारखांसकट पहिल्याच परिच्छेदात घातलंय. छातीचा नवा एक्स-रे धुळीचे आजार ओळखणाऱ्या डॉक्टरला दाखवायचा आहे.
खदानीत, राखडीवर, खनिजाच्या ट्रकवर काम करणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगणं आहे. खदान कामगारांची वैद्यकीय तपासणी किमान दर पाच वर्षांनी व्हायलाच हवी. तिची प्रत हक्कानं मागा, कंत्राटी असाल तरी मागा. एक्स-रेची प्लेट सातबाऱ्याइतकी जपा. आणि डॉक्टरसाहेब, खोकणाऱ्या माणसाला ‘बिडी ओढता का’ विचारण्याआधी ‘काम काय करता’ हे विचारा, आणि उत्तर केसपेपरवर लिहा.