लाल सिंहाच्या गावी

अमेरिकेस गेलेला मराठी माणूस नायगारा पाहतो, स्वातंत्र्यदेवीपुढे उभा राहून फोटो काढून घेतो आणि परततो. मला मात्र पेनसिल्व्हेनियातले रेड लायन पाहायचे होते. लँकेस्टरला बिऱ्हाड असलेला भाचा म्हणाला, "मामा, तिथं पाहण्यासारखं काही नाही हो!" तरी माझ्या हट्टाखातर त्याने मोटार काढली. सस्क्वेहाना नदीचा लांबलचक पूल ओलांडला, यॉर्क मागे पडले आणि मक्याच्या शेतांतून चढत आम्ही गावात शिरलो. गावाचे नाव एका जुन्या सराईवरून पडलेले. एके काळी इथे सिगारी वळण्याचा मोठा धंदा होता. आपल्या सिन्नरच्या विड्यांसारखा म्हणा ना! विटांची घरे, पुढे ओसऱ्या. भाचा काही खोटे बोलला नव्हता.

पण याच गावातल्या डब्ल्यूजीसीबी या चिमुकल्या नभोवाणी केंद्राने सरकारशी भांडण मांडले होते. केंद्र जॉन नॉरिस या पाद्रीबुवांचे. अमेरिकेत केंद्रे खाजगी मालकीची. पण लहरी मोजक्या, म्हणून परवाना सरकारी आयोगाचा. १९४९ पासून आयोगाचा दंडक असा, की वादाच्या सार्वजनिक प्रश्नांना वेळ द्या आणि दुसरी बाजूही ऐकवा. नोव्हेंबर १९६४ मध्ये बिली जेम्स हार्गिस या धर्मोपदेशकांनी पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमात फ्रेड कूक या पत्रकाराची सालटी काढली. कूक यांचा अपराध एवढाच, की त्यांनी बॅरी गोल्डवॉटर यांच्यावर टीकेचे पुस्तक लिहिले होते. कूक यांनी उत्तरासाठी फुकट वेळ मागितला. केंद्राने त्यांना दरपत्रक धाडले!

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६९ मध्ये एकमताने निकाल लागला: केंद्राच्या मालकापेक्षा ऐकणाऱ्याचा हक्क मोठा. हे वाचून मी तर हरखलोच होतो. १९७५ च्या आणीबाणीत आकाशवाणीवर एकच बाजू ऐकलेली आमची पिढी. आमच्याकडे पक्षांना तिथे प्रचाराचे भाषण करू दिले, ते १९७७ च्या निवडणुकीत.

मात्र पुढे फ्रेड फ्रेंडली यांनी वेगळेच लिहिले. उजव्या मतांच्या केंद्रांना हैराण करण्यासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या मंडळींनी हाच दंडक वापरला आणि कूक यांच्या पाठीशीही तीच मंडळी होती, असे त्यांचे म्हणणे. आपण कुणाच्या हातचे बाहुले होतो, हे कूक यांना मान्य नव्हते, तेही सांगितले पाहिजे. नाहीतर याच गावात उभे राहून दंडक मोडल्यासारखे व्हायचे! तराजू सरकारच्या हाती दिला, की पारड्यावर बोट कुणाचे, हेही पाहावे लागते.

अखेर १९८७ मध्ये आयोगानेच दंडक काढून टाकला. नियमाच्या धाकाने केंद्रे वादाचे विषयच टाळतात, असे त्याचे कारण. संसदेने तो कायद्याने टिकवू पाहिला, तर राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नकाराधिकार वापरला. मग तासन्‌तास एकाच बाजूने गर्जणारे वक्ते नभोवाणीवर माजले. माझे मन अजूनही ऐकणाऱ्याच्या बाजूला झुकते, पण पूर्वीइतके निःशंकपणे नाही.

गावातल्या एका उपाहारगृहात शेजारच्या वृद्ध जोडप्याजवळ विषय काढला. गृहस्थ म्हणाले, "पाद्रीबुवांनी आपल्या केंद्रावर काय बोलावं, हे सरकारनं का सांगावं?"

"आणि त्या दुसऱ्या माणसानं कुठं जाऊन बोलावं?" बाईंनी विचारले.

गृहस्थांनी साखरेचे भांडे पुढे ओढले. भाचा घड्याळ पाहू लागला, तेव्हा ती दोघे अजून वाद घालीत होती.