हेडची पारख

आमच्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजन होतं. ते फोडलं मी, आपल्या हातानं. म्हणून ही गोष्ट सांगायचा हक्क मलाच आहे.

१९९२ चा फेब्रुवारी. तेव्हा वाशीम वेगळा जिल्हा नव्हता, आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. दीड एकर गहू दुधात आला होता. पेरल्यापासून ८०-८५ दिवसांचं ते पाणी चुकलं की दाणा चिपटतो. मी रात्रभर गहू ओलत होतो. पहाटे धुऱ्यावर डोळा लागला. इंजन थंड ठेवायला पंपावरून एक बारीक नळी येते, तिच्यात शेवाळ अडकलं. जळक्या रंगाच्या वासानं जाग आली तेव्हा इंजन बंद पडलं होतं. घाबरलो आणि हौदातलं बादलीभर पाणी तापलेल्या हेडवर ओतलं. टण्णकन आवाज झाला. तापलेलं बीड गार पाण्यानं तडकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

बा आले. इंजन पाहिलं, मग गहू पाहिला. "गहू किती दिवस दम धरन?" एवढंच विचारलं. त्या गव्हाच्या पैशावर धाकट्या बहिणीचं लग्न धरलं होतं.

हेड म्हणजे इंजनाचं झाकण. त्यात दोन व्हॉल्व बसतात आणि आतून थंड पाण्याची वाट असते. हेड खोलून पोत्यात घातलं, एसटीनं वाशीमला नेलं. तिथले मिस्त्री म्हातारे होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी हेड रॉकेलनं धुतलं, फडक्यानं कोरडं पुसलं आणि वरून खडू घासला. मग बिडी पेटवली. बिडी संपेपर्यंत पांढऱ्या खडूवर एक ओली काळी रेघ उमटली. एका व्हॉल्वच्या सीटपासून दुसऱ्यापर्यंत, तिथून थेट पाण्याच्या भोकात. चिरेत शिरलेलं रॉकेल खडूनं ओढून बाहेर काढलं होतं.

मी म्हटलं, "वेल्डिंग करून द्या ना चाचा."

"देतो म्हटलं तर माहे पैसे व्हतात, भाऊ. पन गरम झालं का ते चीर पुन्हा उकलते. तुहा गहू नाही वाचत."

पैसे न घेता त्यांनी मला जुनं हेड कसं पारखायचं ते सांगितलं. मी छोट्या लाईनच्या गाडीनं अकोल्याला गेलो. भंगारात आमच्या इंजनाची दोन हेडं मिळाली. एकाला चांदीचा रंग, तळ आरशासारखा. दुसरं गंजलेलं. चाचा भेटले नसते तर मी चांदीवालंच उचललं असतं. पान्यानं ठोकलं तर ते बद्द वाजलं, गंजकं खणखणलं. खडू लावला तर चांदीवाल्यावर दोन सीटांच्या मधात रेघ आलीच. शिवाय घासून घासून सीटा इतक्या खोल गेल्या होत्या, की व्हॉल्व जणू विहिरीत बसले होते. अशा हेडात दाब धरत नाही, हँडल मारून खांदा उतरतो. तळही जास्त वेळा लेथवर घेतला की पातळ पडतो.

गंजक्याच्या तळावर लोखंडी पट्टी आडवी-तिरपी ठेवली. बिडीच्या बंडलाचा कागद कुठूनही खाली सरकला नाही, म्हणजे तळ वाकलेला नव्हता. व्हॉल्वच्या वाटांत रॉकेल भरलं. धुराकडच्या व्हॉल्वला थोडं पाझरलं. ते चालतं, कारण व्हॉल्व पेस्ट लावून घासता येतो, गाईड नवं टाकता येतं. गळती दुरुस्त होते, पाण्याच्या वाटेपर्यंत गेलेली चीर होत नाही. नव्याच्या निम्म्या किमतीत सौदा झाला.

चाचांनी पाण्याची भोकं रबर लावून बुजवली, सायकलच्या पंपानं हवा भरून हेड टाक्यात बुडवलं. बुडबुडा आला नाही. मग व्हॉल्व घासले, नवी गॅस्केट दिली. सहाव्या दिवशी इंजन सुरू झालं.

विहिरीजवळचा गहू सावरला, टोकाचा चिपटला. खायपुरता झाला, विकायला उरला नाही. बहिणीचं लग्न पुढच्या उन्हाळ्यावर गेलं. ती मला कधी बोलली नाही, पण आजही इंजनाचा आवाज ऐकला की मी आधी नळीतून पाणी पडतं का ते पाहतो.

पुढं विहिरीवर वीज आली, भारनियमनही आलं, म्हणून इंजन ठेवलंच. आता गावातली पोरं जुन्या हेडचा फोटो मोबाईलवर दाखवतात. "काका, घेऊ काय? चकचकीत आहे."

मी म्हणतो, "फोटोत चीर दिसत नाही बाबू. खडू घेऊन जाय. रॉकेल नसन तर डिझेल चालते."