पटावरची दहा नावे

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आमच्या भागात दोन कामांचा असतो. वळवाचा एखादा पाऊस होऊन गेलेला असतो, भाताच्या पेरणीसाठी शेते तयार होत असतात. आणि त्याच सुमारास मराठी प्राथमिक शाळांचे शिक्षक एक वही घेऊन घरोघर फिरू लागतात. वहीत पाच-सहा वर्षांच्या मुलांची नावे असतात. अंगणवाडीतून कोण बाहेर पडले, कोणाचे नाव आधीच शहरातल्या इंग्रजी शाळेत घातले गेले, कोणाचे आईवडील अजून विचार करीत आहेत, याची ती टिपणे. बेळगावहून चंदगडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला असलेल्या आमच्या गावात गेली काही वर्षे मीही या फेरीत सामील होतो. मी शिक्षक नाही. शाळेचा माजी विद्यार्थी आणि सीमाप्रश्नाच्या चळवळीतला एक कार्यकर्ता, एवढेच माझे नाते. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीतही मी अनेकदा चाललो आहे. त्या फेरीत घोषणेला मागून शेकडो आवाज साथ देतात; या फेरीत दाराशी उभी असलेली आई प्रश्न विचारते. दुसरी फेरी मला नेहमीच अधिक अवघड वाटत आली आहे.

एवढी धडपड कशासाठी, हे सीमेपलीकडच्या वाचकांना सांगायला हवे. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एक सूत्र ठरवले होते : प्रादेशिक भाषेहून वेगळी मातृभाषा असलेली मुले एका वर्गात दहा किंवा संपूर्ण शाळेत चाळीस असतील, तर त्यांना त्यांच्या भाषेतून शिकवण्यासाठी निदान एक शिक्षक द्यावा. पुढे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, ही अपेक्षा राज्यघटनेत नोंदली गेली. आज दहा-चाळीसचे सूत्र कोणी तोंडाने उच्चारत नाही. परंतु २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पटसंख्येचा काटा अधिकच बारीक केला आहे. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टपासून तीन. म्हणजे साठावर एक मूल आले की तिसरा शिक्षक मागता येतो, आणि तेच एक मूल गेले की तो शिक्षक ‘जादा’ ठरतो. जादा ठरलेला शिक्षक दुसऱ्या गावी जातो, उरलेल्या दोघांवर पाच वर्ग येतात, ते पाहून पुढच्या वर्षी आणखी दोन पालक आपली मुले काढून नेतात. शाळा एका दिवसात कधीच बंद होत नाही. ती अशी एकेका मुलाने बंद होत जाते.

६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की, प्राथमिक शिक्षणासाठी मातृभाषेचे माध्यम सरकार सक्तीचे करू शकत नाही. माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा. आमच्यातले काही जण तेव्हा हळहळले. मला तो निकाल चुकीचा वाटला नाही, आजही वाटत नाही. भाषेची सक्ती म्हणजे काय हे ज्यांनी सोसले आहे, त्यांनी आपल्या भाषेसाठी सक्ती मागू नये. मात्र त्या निकालानंतर सगळा भार दारोदारच्या संभाषणावर येऊन पडला आहे, आणि २०१९ पासून काही सरकारी शाळांतच इंग्रजी माध्यमाचे वर्ग सुरू झाल्यावर तर तो आणखी वाढला.

यंदाच्या फेरीतले एक घर सांगतो. थोरला मुलगा तिसरीत, शहरातल्या इंग्रजी शाळेत. धाकटा यंदा पहिलीला. हेडमास्तरांनी विषय काढला तेव्हा त्या वैनी भात निवडता निवडता म्हणाल्या, “गुरुजी, तुमचं खरं हाय. पन थोरल्याला तिकडं घातलाव आणि धाकट्याला हिकडं घातलाव, तर उद्या त्यो इचारंल की, मला कशाला मराठीत टाकलासा म्हणून. त्याला काय सांगू?”

या प्रश्नाला चळवळीच्या पत्रकात उत्तर नाही. ‘मराठी अस्मिता’ हा शब्द त्या ओसरीवर उच्चारायलाही संकोच वाटावा, इतका तो प्रश्न सरळ होता. शिवाय मराठीसाठी व्यासपीठावरून तळमळीने बोलणाऱ्या किती जणांची नातवंडे मराठी शाळेत आहेत, हे खेड्यातल्या बायकांना नेमके ठाऊक असते. त्या तसे बोलून दाखवत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. हेडमास्तरांनी वाद घातला नाही. शेजारी आजोबा ‘तरुण भारत’ वाचत बसले होते. त्यांच्याकडून अंक घेऊन त्यांनी थोरल्याला वरचा मथळा वाचायला सांगितला. तो एकेक अक्षर लावत राहिला आणि तिसऱ्या शब्दावर थांबला. मग त्याचेच इंग्रजी पुस्तक मागवले. ते त्याने धडाधड वाचले. धड्यात काय आहे असे विचारल्यावर मात्र आईकडे पाहिले. हेडमास्तर एवढेच म्हणाले, “पोरगं हुशार आहे. घरात त्याला इंग्रजी सांगणारं कोणी नाही, म्हणून अडतंय. धाकटा आमच्याकडं वाचायला शिकंल, इंग्रजीसुद्धा शिकंल. मग पुढं कुठंही घाला.” मला ही मांडणी पटते. इंग्रजी नको, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. वाचलेले कळायला हवे आणि ते आधी घरच्या भाषेत कळते, एवढेच सांगता येते.

शाळा भरते तेव्हाचे चित्र बाहेरच्यांना गमतीचे वाटेल. प्रार्थनेच्या वेळी कुवेंपूंचे राज्यगीत आमची मुले स्वच्छ कन्नड उच्चारांत म्हणतात आणि लगेच मराठी प्रार्थनेकडे वळतात. मधे सांधा जाणवतसुद्धा नाही. मग २०१३ पासून सुरू झालेल्या ‘क्षीरभाग्य’ योजनेचे गरम दूध. पेल्यांचा तो आवाज आणि सायीवरून होणारी भांडणे हाच खरा पहिला तास. दुपारी मध्यान्ह आहार, म्हणजे बहुधा भात आणि सांबार. या योजनेचे सरकारी नाव ‘अक्षर दासोह’. दासोह हा शब्द बसवण्णांच्या परंपरेतला, पंक्तीत सर्वांना वाढण्याचा. आमच्या स्वयंपाक करणाऱ्या मावशींना तो आता इतका घरचा झाला आहे की त्या ‘दासोहाला निघाले’ म्हणतात आणि त्यांच्या सुनेला त्यात काही वेगळे वाटत नाही.

सुट्ट्यांचे मात्र जुळत नाही. आमच्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला, पलीकडे चंदगड तालुक्यात ती दिवाळीला. रोटीबेटीचे सारे व्यवहार त्या तालुक्याशी असल्यामुळे मामाच्या गावी गेलेल्या मुलांना मामाची मुले शाळेत गेलेली आढळतात. राज्यपुनर्रचनेचा अर्थ मुलांना पहिल्यांदा कळतो तो असा.

आता वर्गात येऊ. पहिली ते तिसरीची मुले ‘नली-कली’ पद्धतीने एकत्र बसतात. नियमित बाई निवृत्त झाल्यापासून त्यांच्या जागेवर कोणी आलेले नाही, गावातलीच डी.एड. झालेली एक मुलगी अतिथी शिक्षिका म्हणून मानधनावर शिकवते. शाळेचे महिने संपले की मानधनही संपते. या मुलीकडून मी भाषेविषयी जे शिकलो, ते कोणत्याही परिसंवादात शिकलो नाही.

आमच्याकडे मुलगी ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणते. बायकाही तसेच बोलतात. शिवाय ‘मी भाकरी खाल्लो’, ‘मी पुस्तक वाचलो’ ही आमची रोजची रचना. प्रमाण मराठीत अशा ठिकाणी क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते, ‘मी पुस्तक वाचले’. आमच्या बोलीत ते कर्त्याच्या मागे जाते, जसे कन्नडमध्ये जाते. शेकडो वर्षांच्या शेजाराने झालेली ही घडण आहे, अडाणीपणा नव्हे. पण पाठ्यपुस्तकातली मुलगी ‘मी येते’ म्हणते. मागे एकदा तपासणीला आलेल्या एका साहेबांनी दुसरीतल्या मुलीला सर्वांदेखत तीन वेळा दुरुस्त केले होते. ती मुलगी पुढे कित्येक दिवस वर्गात बोलली नाही. मराठीच्या शाळेत मराठीच बोलल्याबद्दल ओशाळणे नशिबी यावे, याहून विपरीत काय असेल?

बाईंची रीत वेगळी आहे. त्या फळ्याच्या एका बाजूला ‘घरचं बोलणं’ आणि दुसऱ्या बाजूला ‘पुस्तकातलं बोलणं’ असे लिहितात. मुलांनी घरचे वाक्य सांगायचे, मग सर्वांनी मिळून ते पुस्तकात कसे लिहिले असते ते शोधायचे. कोणते बरोबर, असा प्रश्नच तिथे निघत नाही. आणि एकदा दोन बाजू झाल्या की तिसरी, कन्नडची, ओढायला फारसा वेळ लागत नाही. ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ तर दोन्हीकडे तसेच्या तसे सापडतात, तेव्हा मुलांना चोर पकडल्यासारखा आनंद होतो.

अंकांची गंमत याहून मोठी. ‘एकोणतीस’ ऐकले की पहिलीतले मूल हमखास ३९ लिहिते. कानावर ‘तीस’ पडलेले असते ना. ‘तिसाला एक उणे’ हा हिशेब सहा वर्षांच्या डोक्याला उलटा पडतो. कन्नडमध्ये २९ म्हणजे ‘इप्पत्तोंबत्तु’, सरळ वीस आणि नऊ. बाजारात, बसमध्ये हे अंक मुलांच्या कानावर रोज पडत असतात, म्हणून बाई आधी कन्नड अंक विचारतात, तो लिहून घेतात आणि मग त्याचे मराठी नाव सांगतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितातील ‘वीस एक, वीस दोन’ या वाचनावरून महाराष्ट्रात केवढे वादळ उठले होते! मंगला नारळीकरांना परोपरीने समजावून सांगावे लागले. आमच्या गावात तो वाद वाचून लोकांना नवल वाटले ते एवढ्याचेच, की यात वाद घालण्यासारखे आहे तरी काय. एकोणतीसही राहू दे, इप्पत्तोंबत्तुही राहू दे. मुलाला २९ कळले की झाले.

लिपीचेही असेच. देवनागरीची शिरोरेषा हाताला इतकी सवयीची होते की सुरुवातीला मुले कन्नड अक्षरांवरही आडवी रेघ मारून मोकळी होतात. त्या वह्या मी जपून ठेवायला सांगितल्या आहेत.

शाळा सुधारणा समितीच्या बैठकीत मात्र अशा गोष्टी निघत नाहीत. तिथे कौले, पाण्याची टाकी आणि वरून आलेली पत्रे. पत्रे कन्नडमध्ये असतात. ती वाचून समितीतल्या पालकांना समजावून सांगण्याचे काम हेडमास्तरांचे, आणि ते रजेवर असले की हायस्कूलला जाणाऱ्या एखाद्या माजी विद्यार्थ्याचे. जिथे अल्पसंख्याकांचे प्रमाण पंधरा टक्क्यांहून अधिक असेल तिथे सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही मिळाव्यात, ही मागणी आम्ही सोडलेली नाही आणि सोडणारही नाही. परंतु नववीतला मुलगा ओसरीवर बसून सरकारी कन्नडचे मराठी करून चार वडीलधाऱ्यांना सांगतो, ते ऐकताना मला त्याचा अभिमानही वाटतो. हा मुलगा याच मराठी शाळेत शिकला. मराठी माध्यमाची मुले कन्नडमध्ये कच्ची राहतात, असे म्हणणाऱ्यांनी त्या ओसरीवर एकदा यावे. द. रा. बेंद्रे यांच्या घरात मराठी बोलली जात होती आणि ते कन्नडचे ज्ञानपीठ मानकरी झाले, हे तर आम्ही प्रत्येक सभेत सांगतो. पण बेंद्रे दूर आहेत. हा मुलगा शेजारच्या गल्लीतला आहे.

कौलांचे काम यंदा माजी विद्यार्थ्यांनी केले. कोणी पुण्यात, कोणी गोव्यात; वर्गणी आली, दोन रविवारी गावातल्या पोरांनी श्रमदान केले आणि चौथीच्या वर्गातली गळती थांबली. नियमित शिक्षकासाठी दिलेल्या अर्जाचे उत्तर अद्याप आलेले नाही. जूनअखेर पुन्हा एक अर्ज गेला आहे.

आणि पट? यंदा पहिलीला दहा नावे लागली. त्या वैनींच्या धाकट्याचे नाव त्यात आहे. थोरला आहे तिथेच आहे. दहावे नाव मात्र वहीत नव्हते. गावाबाहेरच्या शेतावर राखणीला आलेल्या एका कन्नडभाषक कुटुंबाची ती मुलगी. कन्नड शाळा दूर, ही जवळ, म्हणून वडील स्वतःच तिला घेऊन आले. मातृभाषेच्या रकान्यात हेडमास्तरांनी ‘कन्नड’ असे लिहिले. सूत्राप्रमाणे मोजायचे तर आमची मुले नऊच झाली! हेडमास्तरांना मी हे हसत बोलून दाखवले, तर ते म्हणाले, “पोरगी रोज येते. मला तेवढं पुरे.” अंकांच्या तासाला आता बाई कन्नड नाव तिलाच विचारतात आणि ती उभी राहून खणखणीत आवाजात सांगते. मराठी तिने अजून पुस्तकातून घेतलेली नाही, अंगणातून घेतली आहे. शाळा सुटली की दप्तर पाठीला लावून ती दाराशी थांबते आणि म्हणते, “येतो बाई.”