काशफुलांतली आगगाडी

तापातून उठल्यावर घरात पडून होते, तेव्हा ‘पथेर पांचाली’ दोनदा पाहिला. आधी जुनी डीव्हीडी, मग क्रायटेरियनची ब्लू-रे. डीव्हीडीत काशफुलं म्हणजे नुसता पांढरा पट्टा. ब्लू-रेत तुरा न् तुरा सुटा दिसतो, मागून आगगाडीचा काळा धूर येतो. १९९३मध्ये लंडनमधल्या आगीत होरपळलेल्या या सिनेमाच्या निगेटिव्ह इटलीतल्या बोलोन्यात रसायनांनी ओलावून पुन्हा उभ्या केल्या, हे आठवून त्या धुराकडे बघवेना. सिनेमातल्या आईच्या, सर्वजयेच्या हंबरड्याऐवजी वाजणारी तारशहनाई आता स्वच्छ ऐकू येते. पण मी ती प्रथम खरखरीसकट ऐकली होती, आणि ती खरखरही मला हवीशी वाटते. छायाचित्रकार सुब्रत मित्रांचा उजेड मात्र नव्या प्रतीतच पाहावा. पुढचा भाग, ‘अपराजितो’, अजून पाहायचाय.